टुपॅक शकूर : विद्रोहाचा वारसा आणि एकटा 'मी'

शोषितांमधून आलेल्या कलावंताकडे पाहण्याच्या दोन सोयीस्कर रीती आहेत. प्रस्थापित समीक्षक त्याच्या भाषेचा विटाळ मानतो. आपल्यातला भाबडा समीक्षक त्याच्या जन्माचे दुःख पुढे करून त्याच्या सगळ्याच वर्तनाला माफी देतो. टुपॅक शकूर या अमेरिकेतील काळ्या रॅप-कवीचा विचार करताना या दोन्ही रीती मी नाकारतो.

टुपॅकची आई अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते याच पक्षाकडून. बॉम्बस्फोटांचा कट रचल्याच्या आरोपावरून अफेनीला न्यूयॉर्कमध्ये सहकाऱ्यांसह पकडण्यात आले. पोटात मूल असताना तिने तुरुंग सोसला आणि वकील न घेता कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये ज्युरीने या खटल्यातील आरोपींना निर्दोष ठरवले. १६ जूनला टुपॅक जन्मला. पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या तुपाक अमारूचे नाव आईने त्याला दिले.

नावात बंड आले, पण घरात भाकर नव्हती. सरकारी दडपशाहीने आणि आतल्या फुटीने पक्ष मोडला. आई व्यसनात सापडली. बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाट्य आणि काव्य शिकणाऱ्या टुपॅकला १९८८ मध्ये ती शाळा सोडून कॅलिफोर्नियातील मरिन सिटीत जावे लागले. वारशाने त्याला विद्रोह मिळाला. संघटना मिळाली नाही. त्याच्या यशाचे आणि ऱ्हासाचे मूळ मला इथे दिसते.

१९९१ च्या 'टूपॅकलिप्स नाऊ' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' हे गाणे आहे. बारा वर्षांची मुलगी, नात्यातल्या पुरुषाने लादलेले गरोदरपण, कचऱ्यात टाकलेले आणि रडणे ऐकून परत उचललेले मूल, शेवटी रस्त्यावरचा धंदा आणि मरण. टुपॅक तिला दोष देत नाही, तिची कीव करून मोकळाही होत नाही. ही साऱ्या वस्तीची गोष्ट आहे, असे तो आरंभीच बजावतो. १९९२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी या ध्वनिमुद्रिकेला समाजात जागा नाही, असे जाहीर केले. ज्या समाजात ब्रेंडाला जागा नव्हती, त्याच समाजाबद्दल ते बोलत होते!

१९९३ मध्ये 'कीप या हेड अप' आले. ते लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला अर्पण केलेले आहे. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानात तिला गोळी घातली गेली. गोळी घालणाऱ्या दुकानदार बाईला तुरुंगवास झाला नाही. या गाण्यात टुपॅक पुरुषांनाच विचारतो की, जिच्या पोटी जन्म घेतला त्या स्त्रीशी आपण असे का वागतो?

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात घडलेल्या प्रसंगावरून एका तरुणीने त्याच्यावर आरोप केले. टुपॅकने ते नाकारले. डिसेंबर १९९४ मध्ये ज्युरीने अधिक गंभीर आरोपांतून त्याला सोडले, पण लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवले. गोऱ्या न्यायव्यवस्थेचा काळ्यांबाबतचा इतिहास मला ठाऊक आहे. पण तो इतिहास सांगून त्या तरुणीचे म्हणणे खोडता येणार नाही. पुरुषांना विचारलेला प्रश्न कवीला चुकवता येत नाही, आणि गाणे कवीच्या वतीने साक्षीला उभे राहत नाही.

निकालाच्या आदल्या दिवशीच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यानंतर तुरुंग. १९९५ च्या ऑक्टोबरात डेथ रो या कंपनीने १४ लाख डॉलरचा जामीन उभा केला आणि टुपॅक तिच्यासाठी गाऊ लागला. १९९६ च्या 'ऑल आइज ऑन मी' या दोन तबकड्यांच्या संचात वस्ती मागे सरते. पुढे येतो एकटा 'मी', त्याचा पैसा आणि त्याचे शत्रू. स्त्री बहुतेक ठिकाणी उपभोगाची वस्तू होते. आवाज तोच, धारही तीच. पण रोख बदललेला. व्यवस्थेविरुद्धचा संताप आता दुसऱ्या काळ्या गायकांवर चालून जातो. संघटनेचा धाक नसलेला विद्रोह बाजाराने उचलला, आणि बाजाराला हाच टुपॅक अधिक भावला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या कितीतरी पट हा संच खपला. ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये त्याच्यावर पुन्हा गोळ्या झाडण्यात आल्या. १३ तारखेला तो गेला. वय पंचवीस.

'डिअर मामा' हे १९९५ चे गाणे २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी निवडले. आईचे व्यसन न लपवता तिचा सन्मान करणारे हे गाणे थोर आहे. तरीही मला वाटते की, आईपुढे नतमस्तक होणे पुरुषाला सोपे जाते. कसोटी लागते ती आई नसलेल्या स्त्रीपाशी. आपल्या साहित्यातही आई आभाळाएवढी झाली. घरातल्या सुनेवर पडणाऱ्या माराचा हिशेब मात्र बेबी कांबळे यांना 'जिणं आमुचं'मध्ये स्वतः मांडावा लागला.

टुपॅकचे ब्रेंडावरचे गाणे मी टाकून देणार नाही. पण ते ऐकताना न्यूयॉर्कच्या कोर्टात उभी राहिलेली ती तरुणीही माझ्यासमोर असेल. ब्रेंडाचे दुःख ज्याने मला ऐकायला लावले, त्याच्याच बाबतीत मी कान बंद कसे करू?