कायद्यातील व्याख्यांची समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता वाचली, आत्मकथने वाचली, प्रस्थापितांच्या कादंबरीतील आपले विकृत चित्रही नेमके दाखवून दिले. पण ज्या मजकुराने आपल्या माणसाच्या जगण्यावर सर्वांत खोल परिणाम केला, तो मजकूर तिने वकिलांवर सोपवला. हा मजकूर म्हणजे कायद्याच्या आरंभी येणारे व्याख्यांचे कलम. ते कोरडे असते, म्हणून वाचणारा ते उलटून पुढे जातो. माझे म्हणणे असे की, कोण आत आणि कोण बाहेर याचा निकाल बहुधा तिथेच लागून गेलेला असतो.

मी मराठीचा प्राध्यापक आहे, कायद्याचा नाही. माझे राहणे आणि शिकवणे पेण व रोहा या दोन तालुक्यांत आहे. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून समन्स, नोटीस, दाव्याची प्रत असे कागद घेऊन माणसे माझ्याकडे येतात. ते कागद वाचून दाखवता दाखवता मूळ कायदे वाचण्याची सवय लागली.

पहिले उदाहरण कातकऱ्यांचे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जमातीचे नावच धंद्यावरून पडलेले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २ काढून पाहा. 'वनोत्पादन' या शब्दाच्या व्याख्येत इमारती लाकूड आणि कोळसा यांच्या शेजारी 'कात' बसवला आहे. आणि तो वनात सापडलेला असो वा नसो, वनोत्पादनच ठरतो. एका जमातीचे नाव ज्या वस्तूवरून पडले, ती वस्तू एका उपकलमाने सरकारच्या नियंत्रणाखाली गेली. खैरावर निर्बंध आले, धंदा मोडला, नाव मात्र उरले. आज हाच कातकरी दुसऱ्याच्या कोळसाभट्टीवर राबतो. कात आणि कोळसा, त्याचा गेलेला धंदा आणि आताची मजुरी, दोन्ही त्या एकाच यादीत आहेत.

व्याख्या म्हणजे निसर्गनियम नव्हे, हेही याच कायद्यातून दिसते. त्यात 'झाड' या शब्दात बांबू घातलेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोत्पादन म्हटले. अकरा वर्षे एकच बांबू दोन कायद्यांत दोन जातींचा राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातून तो शब्द निघाला. माणसांनी घातलेला शब्द माणसांनी काढला.

दुसरे उदाहरण वेठबिगारीचे. पाऊस सरला की आमच्या भागातील वाड्या ओस पडतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि जाण्यापूर्वी 'उचल' घेतलेली असते. मजूर म्हणतो, "उचल घेतली आहे, फेडल्याशिवाय कसं सोडून येणार?" त्याच्या भाषेत तो देणेकरी आहे, म्हणून अपराधीही तोच. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा याच्या नेमके उलट बोलतो. रोख वा वस्तुरूपाने दिलेल्या आगाऊ रकमेपोटी जर माणसाला नाममात्र मजुरीवर राबवले, दुसरे काम धरण्याचे किंवा हिंडण्याफिरण्याचे त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, तर ती वेठबिगारी. तिच्यासाठी असे कर्ज देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हे वेठबिगारीचे कर्ज नाही असे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने सावकारावर टाकली आहे.

इथे घोटाळा मराठी शब्दाने केला. 'वेठबिगार' म्हटले की आपल्या कानाला फुकट काम ऐकू येते. मग 'मजुरी तर देतात ना, वेठ कसली?' असा प्रश्न हमखास येतो. पण कायद्याच्या व्याख्येत किमान वेतनाहून कमी मजुरी ही 'नाममात्र मजुरी'च आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी दरात काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रम होत, असे सांगितले. कायदा रुंद आहे. अनुवादाने तो अरुंद केला.

तिसरा शब्द 'पिढी'. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना, म्हणजे जंगलाच्या आश्रयाने राहणाऱ्या बौद्ध आणि इतर दलितांनाही, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. म्हणजे पुरावा १९३० पर्यंत मागे न्यायचा. ज्या वर्षी काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे उभी होती, त्या वर्षीचा कागद आज त्यांच्या नातवाकडे मागायचा!

याच जिल्ह्यातील महाडचा दावा इथे आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी चवदार तळ्यावर मनाई हुकूम मिळवला. त्यांचा आधार होता रूढी. ती अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात ते हरले. प्राचीनता सिद्ध करण्याचे ओझे तेव्हा वाट अडवणाऱ्यावर होते. २००६ च्या कायद्यात ते हक्क मागणाऱ्यावर आले. दोन्हींतला हा फरक कोणत्या समीक्षकाने मोजला? सुदैवाने २००८ च्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा मानले आहे. आमच्या म्हाताऱ्यांची स्मृती पहिल्यांदा कायद्याच्या कामी आली. पण ती लिहून घेणारा हात हवा.

१९८९ च्या कायद्यात 'अत्याचार' म्हणजे कलम ३ खाली शिक्षापात्र असलेला अपराध, एवढीच व्याख्या आहे. कृत्य त्या यादीत बसवले नाही तर कायद्यापुरता अत्याचार झालाच नाही. खैरलांजीत २००६ साली चार माणसे मारली गेली. २००८ चे सत्र न्यायालय आणि २०१० चे उच्च न्यायालय, दोघांनीही हा कायदा तिथे लागू केला नाही.

कोणी म्हणेल, व्याख्या हवीच, नाहीतर पोलिसाला रान मोकळे. मान्य आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याकडे पाठ फिरवायला शिकवलेले नाही. ते महाडचा दावा दहा वर्षे लढले. म्हणूनच माझी सूचना साधी आहे. आपल्या अभ्यासमंडळांत कवितेबरोबर कलम २ ही वाचले जावे. विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीतला शब्द आणि कायद्यातला शब्द समोरासमोर लिहावा: उचल आणि आगाऊ रक्कम, वेठ आणि नाममात्र मजुरी. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला निघण्यापूर्वी, दिवाळीच्या आत, हे दोन शब्द कळले पाहिजेत. ऊन तापल्यावर, भट्टी पेटल्यावर कळून फारसा उपयोग नाही.