जाडी आणि नुक्ते : अक्षरशिल्पाविषयी एक टिपण

अक्षराला जाडी नसते. शाईच्या थराला सूक्ष्म जाडी असते हे खरे; परंतु वाचनाच्या दृष्टीने ती निरर्थक होय. ‘क’ शिळेत कोरला, फळ्यावर खडूने काढला किंवा लोखंडात ओतला, तरी तो ‘क’च राहतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर घनता हे अक्षराचे अभेदक लक्षण आहे. अक्षराचे शिल्प करणारा कलावंत नेमक्या या अभेदक लक्षणावरच आपले काम उभारतो. तेव्हा त्याच्या हाती अक्षराचे काय होते, हा प्रश्न कलासमीक्षकाइतकाच लिपीच्या अभ्यासकाचाही आहे.

या प्रकारातील बहुधा सर्वांत परिचित शिल्प म्हणजे रॉबर्ट इंडियाना यांचे ‘लव्ह’. १९७० साली पोलादात घडविलेली, सुमारे १२ फूट उंचीची मूळ कृती अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कलासंग्रहालयाची आहे. चार रोमन अक्षरे दोन-दोनांच्या ओळींत रचलेली, आणि ‘ओ’ उजवीकडे कललेला. त्या कलण्यातच रचनेचे सारे चैतन्य आहे. पण १९६५ सालच्या नाताळच्या भेटकार्डावर, साध्या कागदावर, ते तितकेच होते. शिल्पाने त्यात खोलीची तेवढी भर घातली. बाजूने पाहावे तर पोलादी कडा, मागून पाहावे तर आरशातली उलटी अक्षरे. १९७७ साली इंडियाना यांनी हिब्रू ‘अहावा’ या शब्दाचेही असेच शिल्प केले. लिपी बदलली, वाचनाची दिशा बदलली. रीत मात्र तीच राहिली. जाडी आली, पण ती मुकीच.

इराणी शिल्पकार परवीझ तनावली यांनी १९६५ पासून ‘हीच’ या एकाच शब्दाची जी शिल्पे घडविली, त्यांचा प्रकार अगदी निराळा आहे. फारसीत ‘हीच’ म्हणजे काहीही नाही. (मराठी कानाला हा शब्द फसवितो. आपले ‘हीच’ नेमकी वस्तू दाखविते. अभिजात फारसीतला व उर्दूत टिकलेला ‘हेच’ हा उच्चार घेतला, तरी फसवणूक टळत नाही.) नस्तालीक वळणात या शब्दाच्या आरंभीचा ‘हे’ दोन डोळ्यांचा काढता येतो. तनावलींच्या ब्राँझमध्ये ते डोळे मस्तक होतात, शेवटच्या अक्षराचा झोल उदर आणि बैठक होतो. शब्द खुर्चीवर रेलतो. २००५ सालच्या एका कृतीत पिंजऱ्यातही सापडतो. येथे खोली ही अक्षराला मागून जोडलेली नाही. नस्तालीकची मूळची लवच तिसऱ्या मितीत चालू राहते. आणि जो शब्द अभावाचा वाचक, त्यालाच वजन व सावली लाभते.

परंतु माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट या कृतींत गळालेली आहे. फारसी लेखनात या शब्दाला खाली पाच नुक्ते हवेत : मधल्या ‘ये’चे दोन, अंत्य ‘चे’चे तीन. बहुतेक शिल्पांत ते नाहीत. नुक्त्यांवाचून मधला दंतुर ब, प, त, न यांपैकी काहीही असू शकतो. अंत्य आकृती ज, च, ह, ख यांपैकी कोणतीही. म्हणजे जे लक्षण अर्थभेदक होते ते टाकले, आणि जे अभेदक होते ती जाडी घेतली. तरीही फारसी वाचक ‘हीच’च वाचतो. शब्द सुटीसुटी चिन्हे जुळवून नव्हे, तर सबंध आकृतीने ओळखला जातो, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मला ठाऊक नाही. अर्थात या ओळखीला शीर्षकाचा आणि पुनरावृत्तीचाही आधार आहे, हे नाकारता येत नाही. भडक रंगांच्या फायबरग्लासमधील कित्येक प्रतींत तर शब्द मागे पडून एक गोंडस प्राणीच उरतो. त्यांचे कौतुक मला करवत नाही.

आपल्या शहरांतून हल्ली गावांची नावे पत्र्यात वा दगडात उभी केलेली दिसतात. त्यांची रीत ‘लव्ह’चीच. देवनागरीची शिरोरेषा येथे आयती तुळई होते, पण तिच्या उपयोगाचा विचार क्वचितच झालेला आढळतो. नुक्त्याप्रमाणे अनुस्वार टाकण्याची मुभाही आपल्याला नाही. ‘मंद’चा ‘मद’ होण्यास एक बिंदू पुरतो. ‘मुंबई’चे शिल्प करणाऱ्याला तो बिंदू हवेत कशाच्या तरी आधाराने धरावाच लागतो, आणि बहुधा मागून लावलेली ती सळई रंगाने लपविली जाते.