फुकट म्हणजे खुलं नव्हे

ऑनलाइन शिक्षण आणि अपंग विद्यार्थी, असा आजचा विषय आहे. सुरुवात एका गाजलेल्या घटनेपासून करतो, कारण तिचा अर्थ बऱ्याच जणांनी उलटा लावला, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्गातली व्याख्यानं रेकॉर्ड करून जगासाठी मोफत ठेवली होती. फार चांगलं काम. पण कर्णबधिर व्यक्तींनी तक्रार केली की कितीतरी व्हिडिओंना कॅप्शनच नाहीत, आणि जिथे यंत्राने केलेली आहेत तिथे ती चुकीची आहेत. २०१६ साली तिथल्या न्याय खात्याने तक्रार खरी ठरवली. मग मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने काय केलं? २०,००० हून अधिक रेकॉर्डिंग लोकांसाठी बंद करून टाकली!

लगेच ओरड झाली, ‘बघा, मूठभरांच्या तक्रारीपायी सगळ्या जगाचं नुकसान झालं.’ इथेच माझा आक्षेप आहे. ‘सगळं जग’ म्हणताना आपण कोणाला मोजलं? जी व्याख्यानं कर्णबधिर विद्यार्थ्याला कधी मिळालीच नव्हती, ती बंद झाल्यावर त्याचं काय गेलं? ती फुकट होती, खुली नव्हती.

आता दुसरी बाजूही बघू. एवढ्या रेकॉर्डिंगना कॅप्शन लावायला पैसा लागतो, हे मी नाकारत नाही. पण हा खर्च साठला कसा? दर व्याख्यानाच्या दिवशी थोडाथोडा टाळला म्हणून. इमारत उभी करून झाल्यावर रॅम्पसाठी भिंत फोडायची म्हटलं, की रॅम्प महाग वाटणारच. पुढे २०२२ च्या अखेरीस याच विद्यापीठाने न्याय खात्याशी समझोता करून आपली बहुतांश ऑनलाइन सामग्री सुगम करायचं मान्य केलं. म्हणजे काम होण्यासारखं होतं.

आपल्याकडे काय चित्र आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४२ आहे. कॅप्शन, सांकेतिक भाषा, ध्वनिवर्णन या सगळ्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. आणि वर्गाच्या ग्रुपवर काय येतं? वहीच्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो, त्याची केलेली पीडीएफ. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ती नोट्स वाटते, पण स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र. एनव्हीडीएसारखं मोफत स्क्रीन रीडर मराठी वाचू शकतं हो, पण समोर अक्षरं तर हवीत! मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असेल तर आणखी गंमत: पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते आणि कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरं पडतात.

आणि आम्ही शिक्षक? ‘हे इथून इकडे नेलं की उत्तर आलं.’ काय नेलं? कुठून? फळा न दिसणाऱ्याने काय समजावं? ‘उजवीकडचा चार डावीकडे नेला, चिन्ह बदललं’ असं म्हणायला पैसे पडत नाहीत, सवय लागते. आणि खरं सांगू का, असं बोललं की डोळस पोरांनाही जास्त कळतं. कॅप्शनचंही तेच. गोंगाटाच्या घरात बसून शिकणारी मुलगी ती वाचतेच की.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सुगमता ही नंतर केलेली मेहरबानी नव्हे, ती शिकवण्याच्या दर्जाचाच भाग आहे. एखादं व्याख्यान चांगलं की वाईट हे ठरवताना विषयाची मांडणी बघतो, तसंच ते कोणाकोणापर्यंत पोचू शकतं हेही बघायला हवं.

हे भाषण पुढे लेखी स्वरूपात येणार आहे. ते उतरवून घेणाऱ्यांना एक विनंती. माझं वाक्य जिथे नुसतं ‘हे बघा’ म्हणून थांबलं असेल, तिथे ते सावरू नका, तसंच राहू द्या. माझी चूक मलाही वाचता यायला हवी.