आफ्रिकेस जाणारानें काय वाचावें?

परदेशास निघालेला मनुष्य पेटींत कोणते कपडे भरावे व कोणतीं औषधें बरोबर घ्यावीं याचा विचार महिना महिना करीत असतो. डोक्यांत काय घेऊन निघावें याचा विचार मात्र त्याला बहुधा विमानतळावरील पुस्तकांच्या दुकानासमोर उभें राहिल्यावर सुचतो. विलायतेस जाणाराची या बाबतींत फारशी अडचण होत नाहीं. डिकन्सनें लंडनचे बोळ आणि वर्डस्वर्थनें सरोवरांचा प्रदेश त्याच्या इतका ओळखीचा करून ठेविलेला असतो कीं, तेथें पाऊल टाकण्यापूर्वींच तो निम्मा तेथला होऊन बसलेला असतो. (इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें ही गोष्ट अभिमानानें सांगावी कीं संकोचानें, हा प्रश्न निराळा.) आफ्रिकेस निघणाराची गोष्ट वेगळी. टारझनचे चित्रपट, सिंह-हत्तींच्या चित्रफिती, दुष्काळाचीं छायाचित्रें आणि 'काळें खंड' हा लहानपणीं कानावर पडलेला शब्द, एवढी सामग्री त्याच्याजवळ तयार असते. आणि ती असल्यामुळेंच आपलें कांहीं वाचावयाचें राहिलें आहे असें त्याला वाटत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत माझे तीन विद्यार्थी नोकरीनिमित्त नैरोबी व दारेसलाम येथें गेले. त्यांपैकीं एकानें जाण्यापूर्वीं पुस्तकांची यादी मागितली, तेव्हां जीं नांवें दुसऱ्या कोणींहि प्रथम सुचविलीं असतीं त्यांतलीं बहुतेक मीं वगळलीं. तसें कां केलें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आफ्रिका हें एका देशाचें नांव नव्हे. भारताच्या नऊपटींहून मोठ्या अशा त्या भूभागांत आज ५४ राष्ट्रें आहेत, आणि लागोसहून नैरोबी सुमारें ३,८०० किलोमीटर दूर आहे; म्हणजे मुंबईहून नैरोबीस जावयाचें तर त्याहून फार अधिक अंतर कांपावें लागत नाहीं. तेव्हां 'आफ्रिकेवरील एक चांगलें पुस्तक सांगा' ही मागणी 'आशियावरील एक चांगलें पुस्तक सांगा' या मागणीइतकीच विचित्र आहे. आपले लोक बहुशः ज्या पूर्व किनाऱ्यावर जातात तेवढाच माझ्यापुढें आहे. पश्चिमेकडील एक पुस्तक मात्र मी हट्टानें त्यांत घालणार आहे.

शिवाय हा किनारा आपणांस वाटतो तितका अपरिचितहि नाहीं. निजामशाहीचा कारभार हांकणारा व १६२६ सालीं वारलेला मलिक अंबर जन्मानें इथिओपियाचा होता, हें इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें; पण नाशिकची गोष्ट त्यामानानें थोड्यांस ठाऊक आहे. नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनऱ्यांनीं गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठीं वसतिस्थान चालविलें होतें. तेथें शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासांत त्याच्या तुकडींत होता. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां झाडाच्या खोडावर त्याचें नांव कोरलें तें या नाशिकच्या विद्यार्थ्यानें. त्याच्या सोबत्यांनीं तें शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवून किनाऱ्यास आणलें, आणि पुढील वर्षीं एप्रिलमध्यें वेस्टमिन्स्टर ॲबींत तें पुरतांना जेकब तेथें हजर होता. लिव्हिंग्स्टनचें नांव शाळेंत घोकलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांना या जेकबचें नांव कोणी सांगितलें नाहीं. माझा सारा आक्षेप या एका उदाहरणांत आला आहे: प्रवास ज्यांनीं प्रत्यक्ष पायांनीं केला व ओझें ज्यांनीं वाहिलें, तीं माणसें प्रवासवर्णनांत नांवानिशीं क्वचितच येतात.

शोधकांच्या ग्रंथांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. स्टॅन्लेनें १८७८ च्या व १८९० च्या आपल्या दोन मोठ्या ग्रंथांच्या नांवांतच 'अंधार' घालून ठेविला, आणि तो शब्द तेव्हांपासून त्या भूमीला जो चिकटला तो सुटतां सुटत नाहीं. पण जोसेफ कॉनरॅडची गोष्ट स्टॅन्लेइतकी सोपी नाहीं. 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही दीर्घ कथा १८९९ सालीं मासिकांतून व १९०२ सालीं पुस्तकांत प्रसिद्ध झाली. तिच्यामागें कॉनरॅडनें १८९० सालीं कांगो नदीवरील आगबोटीवर घेतलेला अनुभव आहे. बेल्जमचा राजा लिओपोल्ड यानें कांगो हा प्रदेश १८८५ पासून १९०८ पर्यंत खासगी मालमत्तेसारखा वापरून रबरासाठीं तेथील प्रजेचा जो छळ मांडला, त्याची चीड या कथेच्या पानोपानीं आहे. असें असूनहि चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकानें १९७५ सालीं अमेरिकेंतील एका व्याख्यानांत कॉनरॅडवर वंशद्वेषाचा आरोप केला, आणि इंग्रजी शिकविणाऱ्या जगांतील प्राध्यापकांत त्यामुळें जी खळबळ उडाली ती अद्याप पुरती शमलेली नाहीं.

कोणाचें खरें? वर्गांत मी ही कथा पुष्कळदां शिकविली आहे, आणि भाषेच्या दृष्टीनें तिच्या तोडीचीं पुस्तकें थोडींच आहेत असें माझें मत आहे. पण तिच्यांतील आफ्रिकी माणसें बोलतात किती, हें कोणी मोजून पाहावें. दोन-चार त्रोटक उद्गारांपलीकडे त्यांच्या तोंडीं शब्दच नाहींत. त्या नदीचें नांवहि लेखकानें दिलेलें नाहीं. कथा युरोपच्या मनाविषयीं आहे आणि आफ्रिका हा त्या नाटकाचा पडदा आहे, असें कॉनरॅडचे पक्षपाती म्हणतात तें बरोबर आहे. पण अचेबेची तक्रार नेमकी हीच होती. युरोपचें मन समजून घेण्यासाठीं ही कथा अवश्य वाचावी. नैरोबीचें तिकीट हातांत असेल तर मात्र ती घरींच ठेवावी. तिची मोहिनी इतकी जबर आहे कीं, तेथील साध्या भाजीबाजारांतहि वाचकाला गूढ भीषणता दिसूं लागेल आणि समोरची भाजीवाली दिसणार नाहीं.

डेन्मार्कच्या कॅरेन ब्लिक्सन यांच्या 'आउट ऑफ आफ्रिका' (१९३७) या पुस्तकाचें स्थान वेगळें. नैरोबीजवळ न्गोंग टेकड्यांच्या पायथ्याशीं त्यांचा कॉफीचा मळा होता. तो बुडाला आणि १९३१ सालीं त्या मायदेशीं परतल्या. गमावलेल्या जागेची हुरहुर इतक्या संयमानें व्यक्त करणारें गद्य विरळा. परंतु मळ्यावर राहणारे किकुयू लोक त्या जमिनीवर 'आश्रित' कसे झाले, ती जमीन पूर्वीं कोणाची होती, हे प्रश्न त्या हुरहुरींत विरघळून जातात. ज्यांनीं १९८५ चा चित्रपट पाहिला आहे त्यांच्यासाठीं तर हें पुस्तक परत आल्यावर वाचण्याचें आहे.

पॅटर्सनचें 'मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' (१९०७) आपल्याकडे शिकारकथा म्हणून वाचलें जातें. मी तें निराळ्या कारणासाठीं वाचावयास सांगेन. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळांत बांधली गेली. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर करारानें नेण्यांत आले व त्यांतले जवळजवळ २,५०० मेले. १८९८ सालीं त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनीं जो धुमाकूळ घातला त्याचें पॅटर्सननें केलेलें वर्णन थरारक आहे खरें; बळींचा त्यानें पुढें सांगितलेला १३५ हा आंकडा मात्र २००९ सालच्या शास्त्रीय तपासणींत सुमारें ३५ वर आला. पण भेदरलेले मजूर गाडी थांबविण्यासाठीं रुळांवर आडवे पडले आणि मिळेल त्या डब्यांत शिरून पळाले, हा प्रसंग वाचतांना माझें लक्ष सिंहांवरून उडालें. कोठल्या तरी खेड्यांतून समुद्रापार गेलेल्या त्या माणसांनीं घरीं काय लिहून पाठविलें असेल? सिंह शिकागोच्या संग्रहालयांत पेंढा भरून जतन केलेले आहेत. मजुरांची बाजू पॅटर्सनच्या पुस्तकांत नाहीं. २०१७ सालापासून नवी गाडी त्सावोवरून धांवते. तिच्या खिडकीशीं बसण्यापूर्वीं हें पुस्तक वाचलेलें असावें.

आतां मुख्य पुस्तकें. पश्चिमेकडील ज्या पुस्तकाचा मीं वर उल्लेख केला तें अचेबेचें 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८). उमुओफिया या इग्बो गांवांतील ओकोंक्वो नांवाच्या हट्टी, कष्टाळू आणि भ्यालेला दिसण्याची भीति बाळगणाऱ्या पुरुषाची ही कथा आहे. पंचवीस प्रकरणांपैकीं पहिल्या तेरांत गोरा मनुष्य प्रत्यक्ष येतच नाहीं. पेरणी, लग्नें, न्यायनिवाडे, म्हणींनीं रंगलेलें बोलणें यांत वाचक इतका रमतो कीं, मिशनरी येतो तेव्हां तोच परका वाटतो. अचेबे आपल्या गांवाला सजवून दाखवीत नाहीं. जुळीं मुलें रानांत टाकून देणारा, घरांत तीन वर्षें वाढविलेल्या पोराला देवीच्या कौलावरून मारणारा तो समाज आहे. त्यांतील 'ओसू' म्हणून बहिष्कृत ठरविलेले लोक नव्या धर्माकडे वळतात, तें प्रकरण महाराष्ट्रांतील वाचकाला परक्या देशाचें म्हणून वाचतां येणार नाहीं. आपलें घर कोठून फुटलें हें लेखकाला ठाऊक आहे, आणि तें सांगतांना त्यानें घरभेद्याचाहि सूर लावला नाहीं व भाटाचाहि नाहीं. शेवटीं इंग्रज अधिकारी या माणसाच्या शोकांतिकेला आपल्या नियोजित ग्रंथांत एक परिच्छेद देण्याचें ठरवितो. संपूर्ण कादंबरी वाचून झाल्यावर तो एक परिच्छेद डोळ्यांपुढें आला म्हणजे स्टॅन्लेपासूनच्या साऱ्या ग्रंथांची किंमत कळते.

केनयासाठीं न्गूगी वा थिओंगो. 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) ही त्याची कादंबरी १२ डिसेंबर १९६३ या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या कांहीं दिवसांत घडते. १९५२ पासूनच्या आणीबाणींत कोण कोणाशीं प्रामाणिक राहिला, ज्याला गांव वीर समजतें तो खरोखर कोण, हें हळूहळू उघड होतें. रहस्य मी सांगत नाहीं. मात्र एक लहान प्रसंग सांगतों. गोऱ्याचा मळा विकत घेण्यासाठीं कर्जाची खटपट करणारा एक सुतार आपल्या नव्या लोकप्रतिनिधीकडे जातो, आणि पुढें कळतें कीं तो मळा त्या प्रतिनिधीनें स्वतःच घेतला. ध्वज अजून चढावयाचा आहे! हें वाचून ज्याला आपल्याकडील कोणाचीच आठवण होणार नाहीं तो वाचक भाग्यवान म्हणावयाचा.

याच न्गूगीनें किकुयू भाषेंतील एका नाटकापायीं १९७७ च्या अखेरीस तुरुंगवास पत्करला, कोठडींतील शौचाच्या कागदावर किकुयूंत कादंबरी लिहिली, आणि १९८६ सालीं 'डीकॉलनायझिंग द माइंड' या पुस्तकांत इंग्रजींतून सर्जनात्मक लेखन करण्याचा रामराम घेतला. २०२५ च्या मे महिन्यांत तो वारला. शाळेंत मातृभाषा बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत निंदाव्यंजक पाटी अडकवीत, ही त्याची आठवण वाचतांना चिपळूणकरांनीं ज्या इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हटलें त्या दुधावर पोसलेला मजसारखा वाचक अस्वस्थ होतो. त्याचा सगळा सिद्धांत मला मान्य नाहीं. अचेबेनें इंग्रजींत लिहिलें म्हणून तो परका ठरत नाहीं. पण आफ्रिकेंत जाऊन इंग्रजीवर निभावून नेऊं पाहणारानें हें पुस्तक टाळूं नये.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न, आणि माझ्या मतें तोच सर्वांत बिकट. आफ्रिकेंत उतरणारा मराठी मनुष्य तेथें कोरा म्हणून उतरत नाहीं. त्याच्या आधीं पोंचलेल्या हिंदी दुकानदाराची सावली त्याच्यावर पडलेलीच असते. स्वाहिलींत दुकानाला 'डुका' व गाडीला 'गारी' म्हणतात, यावरूनच आपला तेथील व्यवहार कशा प्रकारचा होता तें दिसतें. १९७२ सालीं इदी अमीननें युगांडांतील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तो जुलूम होता यांत शंका नाहीं. पण त्या हुकुमाला टाळ्या कां मिळाल्या, हें कळण्यास वृत्तपत्रें पुरेशीं नाहींत. मोयेझ वासनजी यांच्या 'द गनी सॅक' (१९८९) या कादंबरींत तें कळतें. तिचा मूळपुरुष गुजराती व्यापारी धनजी गोविंदजी हा एका दासीपासून झालेल्या मुलाच्या शोधांत सर्वस्व उधळतो. त्या घराण्याच्या रक्तांत आफ्रिका आहे आणि तोंडीं मात्र तिचें नांव नाहीं. आपल्या लोकांविषयीं इतकें निर्भीड व तरीहि मायेनें लिहिणें सोपें नव्हे. मूळचे साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर यांनीं पूर्व आफ्रिकेच्या प्रवासावर गुजरातींत लिहिलें आहे, तेंहि वाचनीय आहे. पण पाहुण्याला यजमानांचा झगडा दिसण्यास मर्यादा असते.

आणि ज्याला एकच पुस्तक वाचण्यास सवड आहे त्यानें अब्दुलरझाक गुरनाह यांचें 'पॅरडाइज' (१९९४) वाचावें. झांझिबारमध्यें जन्मलेल्या या लेखकास २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बापाच्या कर्जापायीं व्यापाऱ्याकडे गहाण पडलेला यूसुफ हा मुलगा तांड्याबरोबर अंतर्भागांत जातो. म्हणजे वाट कॉनरॅडचीच, फक्त डोळे किनाऱ्यावरच्या मुलाचे. अरब, स्वाहिली, हिंदी सावकार आणि क्षितिजावर दिसूं लागलेले जर्मन, सर्व त्यांत आहेत. कुराणाचें स्वाहिलींत भाषांतर करण्याची जिद्द धरणारा कालासिंगा नांवाचा शीख यंत्रकारागीर तर विसरूं म्हटल्यानें विसरत नाहीं. या किनाऱ्यावर 'मूळचा' कोण, हा प्रश्न ती कादंबरी एकदांहि उघडपणें न विचारतां वाचकाच्या गळीं बांधते.

विमानांत वाचण्यासाठीं बिन्यावांगा वैनैना या केनयाच्या लेखकाचा 'हाउ टु राइट अबाउट आफ्रिका' हा २००५ सालीं 'ग्रँटा'मध्यें आलेला उपरोधिक लेख पुरे. वाचण्यास दहा मिनिटें लागतात. उरलेला वेळ स्वाहिलीच्या एखाद्या प्राथमिक पुस्तकास द्यावा. वडील माणसाला 'शिकामो' म्हणावें, तो 'मराहाबा' म्हणून उत्तर देतो. दारेसलामला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याला घरमालकिणीनें पहिल्या दिवशीं चहाला बोलाविलें तें या एका शब्दावर. यादींतील पुस्तकें त्यानें तोंवर दोनच वाचलीं होतीं.