वेळ कुठून आणला? सुधीर पटवर्धनांची चित्रं आणि दवाखाना

मागच्या वेळी पटवर्धनांची चित्रं दाखवून झाली आणि पहिलाच प्रश्न आला तो चित्रांबद्दल नव्हता. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, दवाखाना सांभाळून यांनी एवढं रंगवलं कधी?" सभागृह हसलं. मी शिस्त, निष्ठा असं काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. घरी जाताना वाटलं, आपण तिला फसवलं. म्हणून आज तोच प्रश्न घेतो.

तपशील थोडक्यात सांगतो. जन्म १९४९, पुणे. तिथल्याच सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली डॉक्टर झाले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं.

आता रेडिओलॉजिस्ट म्हटलं की लिहिणाऱ्याला एक वाक्य आयतंच सापडतं: हा चित्रकार माणसाच्या आरपार बघतो. वाक्य टाळ्यांचं आहे. पण पहिली स्लाइड बघा. 'इराणी रेस्टॉरंट', १९७७. इथे आरपार काय दिसतं? काहीच नाही. दिसतं ते अंग. टेबलाशी टेकलेलं, जड, जागा अडवून बसलेलं. त्याच्या आधीचं, १९७५चं 'मॅन विथ सिलिंडर' आठवा. तिथेही माणसाचं वजन आधी जाणवतं, बाकीचं मागाहून. एक्स-रेच्या फिल्मवर हाड दिसतं, फुप्फुस दिसतं. माणूस दमलाय का, कोणाची वाट बघतोय का, हे दिसत नाही. चेहरा तर नाहीच. म्हणजे दिवसभराच्या कामात जे गाळावं लागतं, नेमकं तेच कॅनव्हासवर आलंय. माझ्या मते व्यवसायाचा चित्रांशी खरा संबंध इथे आहे, आणि तो उलटा आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे, ती जरा अवघड. डॉक्टरला अनोळखी माणसाच्या शरीराकडे बघायचा परवाना असतो. रस्त्यावर तो परवाना चालत नाही. कामगाराचं चित्र काढणारा सुशिक्षित मध्यमवर्गीय कुठे उभा राहून बघतो, हा प्रश्न या चित्रांना पहिल्यापासून छळतो. ऐंशीच्या दशकात ही मोठी अंगं लहान होत जातात आणि शहर पुढे येतं. 'टाउन', १९८४. मग १९९२चं 'पोखरण'. राजस्थानातलं नव्हे हो, आपला ठाण्याचा पोखरण रोड! मी याला प्रामाणिकपणा म्हणतो: आपण त्यांच्यातले नाही हे चित्रकाराने अंतर ठेवून कबूल केलंय. पण त्याची किंमतही मोजलीय. या रुंद चित्रांपैकी काही मला कोरडी वाटतात. माणसं जागच्या जागी चोख बसवलेली, पण त्यातलं कोणी आपल्याबरोबर घरी येत नाही.

इथे प्रभाकर बरव्यांची आठवण येते. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, काम कापडाच्या डिझाइनचं. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, पीस अशा वस्तू मोकळ्या जागेत सुट्या ठेवलेल्या असतात. मला त्यात साडीच्या अंगावरची बुट्टी दिसते. फरक एवढाच की बुट्टी पुन्हापुन्हा येते आणि बरव्यांची वस्तू एकदाच. त्यांची नोकरी चित्राच्या शेजारच्या घरातली होती, भिंतीला भिंत लागून. पटवर्धनांना तशी भिंत नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांना नसते. आणि हेही सांगायला हवं की डॉक्टरचा स्वतःचा व्यवसाय वेगळा आणि साडेनऊला अंगठा लावून आत जायचं वेगळं. त्यांचं उदाहरण देऊन कुणी कारकुनाला आळशी ठरवू नये.

तरी एक गोष्ट मला सोडवत नाही. २००५ साली त्यांनी व्यवसाय थांबवला. नोकरीधंदा हा कलेचा शत्रू असेल, तर मोठं काम त्यानंतर सुरू व्हायला हवं. पण 'लोअर परळ' आहे २००१चं, म्हणजे दवाखाना चालू असतानाचं. गिरणगाव आणि त्यात घुसणारं नवं बांधकाम एका नजरेत मावत नाही, म्हणून नजर फिरवत राहावी लागते असं ते चित्र. नंतर 'मुंबई प्रोव्हर्ब्स'सारखं अनेक फलकांचं काम झालं, २०१४ साली. आवाका वाढला, हे खरं. पण कस? मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तर माझा हात 'लोअर परळ'कडे जातो.

हे मी तटस्थपणे बोलत नाहीये. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. लोकलमध्ये, बाद व्हाउचरच्या पाठीवर रेखाटनं करायचो आणि म्हणायचो, एकदा सुटलो की रंगवेन. सुटून तीन वर्षं झाली. उत्तरेकडची खिडक्यांची खोली केली, कॅनव्हास ताणून ठेवलेत. माझ्या वहीतलं शेवटचं बरं रेखाटन डोंबिवली ते दादर या प्रवासातलं आहे, नोकरीच्या शेवटच्या महिन्यातलं. समोर झोपलेल्या एका बाईंचा हात, पिशवीच्या बंदात अडकवलेला.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतली ती मुलगी आली आहे का आज?