हानलेचे आकाश आणि अभिप्रायाची वही

आमचे एक स्नेही गेली काही वर्षे लेहला सरकारी नोकरीत आहेत. पेशाने हिशेबतपासनीस, परंतु सूर्य मावळला की त्यांचे चित्त जमाखर्चातून उठून आकाशात जाते. दोन सुट्ट्या जोडून मिळाल्या की कॅमेरा आणि तिपाई घेऊन ते हानले गाठतात, आणि बोटे बधिर करणाऱ्या थंडीत रात्र जागून ताऱ्यांची छायाचित्रे घेतात. २०२४ च्या कोजागरीला त्यांनी अशी चौदा छायाचित्रे येथील मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी पाठविली. तारकांच्या चित्रांसाठी मंडळाने नेमकी पौर्णिमा निवडावी, ज्या रात्री चांदण्याने बहुतेक तारे पुसून टाकलेले असतात, यातला विनोद दूध आटविण्यात गुंतलेल्या मंडळींच्या ध्यानात आला नसावा. असो.

प्रदर्शन संपल्यावर अभिप्रायाची वही रीतीप्रमाणे लेहला रवाना झाली. वहीत काय असावयाचे? ‘अप्रतिम’, ‘नेत्रसुखद’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’, आणि एका गृहस्थांचा ‘लडाखला एकदा जायलाच हवे’ हा प्रवासी संकल्प. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींचा हा स्वभावच होऊन बसला आहे. चार मराठी माणसे एकत्र जमतात हीच अपूर्वाई. तीत कोणाचे मन कशाला दुखवा, असा सोज्ज्वळ विचार त्यामागे असतो. आमच्या स्नेह्यांनी मात्र आम्हांस लिहिले : “इतक्या जणांनी ‘अप्रतिम’ लिहिले, परंतु चौदांपैकी फसलेले चित्र कोणते, हे एकानेही सांगितले नाही. तुम्ही तरी सांगा. रागावणार नाही.” शेवटच्या दोन शब्दांवर आम्ही सहसा विश्वास ठेवीत नाही; तरीही तीन संध्याकाळी त्या चित्रांसमोर बसून आम्ही एक लांबलचक पत्र पाठविले. प्रस्तुत लेख त्या पत्रातून आणि त्याला आलेल्या उत्तरातून निघाला आहे. तो छापावयाचे धारिष्ट करण्याचे कारण एवढेच, की त्या पत्रात आमचीही एक चूक होती, आणि ती आमच्या स्नेह्यांच्या चुकीहून मोठी होती.

हानले हे पूर्व लडाखमधील गाव. त्यालगतच्या डोंगरावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोट येथून, उपग्रहाच्या दुव्याने, चालविली जाते. २०२२ साली या वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा मुलूख राखीव काळोखाचा प्रदेश म्हणून जाहीर झाला. जंगल राखावे, पाणी राखावे, तसा येथे अंधार राखतात. महाराष्ट्रात आषाढ-श्रावणात, जेव्हा आकाशगंगेचा गाभा रात्रीच्या प्रथम प्रहरी दक्षिणेस दिसावयाचा, तेव्हा डोक्यावर ढगांचे छत असते. पर्जन्यछायेतील लडाखात त्याच महिन्यांत ती पुष्कळदा निर्वेध दिसते. जाता जाता सांगण्याजोगी एक गोष्ट अशी, की पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतील वीस इंची दुर्बीण १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली, आणि विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तेथून लेहला. बदलीची नोकरी केवळ आपल्याच नशिबी असते असे नाही.

आता चित्रांकडे वळू. पहिल्या दोन चित्रांत आकाशगंगा आहे, आणि ती जांभळी आहे. हा आजचा सार्वत्रिक दोष होय. आकाशगंगेच्या गाभ्यात जुन्या, पिवळसर ताऱ्यांची दाटी असून तिच्या आड धुळीचे तपकिरी पट्टे आहेत. नीट घेतलेल्या चित्रात ती जुन्या हस्तिदंतासारखी दिसावी. तिला निळा-जांभळा शालू नेसविण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे. परंतु त्यामुळे रात्र ही रात्र न राहता नाटकातला पडदा होते. शिवाय कडेच्या ताऱ्यांना पंख फुटले आहेत. भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवले की कोपऱ्यातील प्रकाशबिंदू असे पसरतात. छिद्र थोडे लहान केले असते तर ते आवरले असते. प्रकाश कमी मिळाला असता, हे खरे. पण वीस मिलिमीटरच्या भिंगाने वीस-पंचवीस सेकंदांहून अधिक वेळ घेता येत नाही. पृथ्वी फिरते, आणि ताऱ्याची रेघ होते. तेव्हा एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती ताऱ्यांवर तारे बसवून एकत्र करावी लागतात. हे कष्टाचे काम आमच्या स्नेह्यांनी पुढच्या चित्रांत केले आहे, म्हणून पहिल्या दोहोंत आळस झाला असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटला नाही.

तिसरे चित्र मृगाचे. येथे प्रथमच आम्ही खुर्ची पुढे ओढून घेतली. काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर, हे आपण पुस्तकात वाचतो. पण बहुतेक छायाचित्रांत दोन्ही पांढरे ठिपके असतात, कारण प्रकाश अधिक झाला की ताऱ्याचा रंग धुऊन जातो. आमच्या स्नेह्यांनी येथे हात आखडता घेतला आहे. मंद तारे दिसावेत म्हणून सारे आकाश उजळून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला, आणि म्हणून मृगाच्या दोन टोकांचे दोन रंग शाबूत राहिले. तारे किंचित मऊ आले आहेत. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबून न राहता एखाद्या ठळक ताऱ्यावर, तो मोठा करून पाहत, दृष्टी स्थिर करावयास हवी होती. पण हा दोष सांगतानाही आमचे डोळे काक्षीवरच होते.

सातव्या चित्रात दिसण्यासारखे फारसे काही नाही, आणि आमच्या मते या संग्रहातील ते सर्वश्रेष्ठ चित्र आहे. खाली गाव आहे, वर तारे आहेत. गावाची घरे आहेत हे कळते, पण ती उजेडाने कळत नाहीत. ताऱ्यांच्या मागे पडलेल्या काळ्या आकृतींवरून कळतात. खिडक्यांना जाड पडदे आहेत. एका खिडकीच्या कडेने उजेडाची सुतासारखी रेघ बाहेर आली आहे, आणि ती एकच. आकाशाची असंख्य छायाचित्रे आम्ही पाहिली. परंतु माणसांनी आकाशासाठी काहीतरी सोडून दिले आहे, हे दाखविणारे चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही. प्रदर्शनात ते दाराआडच्या भिंतीवर लागले होते आणि त्याच्यापुढे कोणी थांबले नाही. वहीत त्याचा उल्लेख नाही. छायाचित्रकारांनीही ते ‘रिकामी जागा भरण्यासाठी’ पाठविले, असे मागाहून कळविले!

ज्याच्यापुढे गर्दी होती ते चित्र नववे. एका उंचवट्यावर चोर्तेन, म्हणजे बौद्धांचा लहानसा स्तूप; आणि त्याच्या शिखरावर धनू राशीतला आकाशगंगेचा तेजःपुंज गाभा, जणू स्तूपातून धूप वर चढत आहे. रचना निर्दोष, रंग संयत, तारे रेखीव. वहीतील निम्मे ‘अप्रतिम’ याच चित्राचे. आम्हीही प्रथमदर्शनी मुग्ध झालो, आणि मग आम्हांस पाचवे चित्र आठवले.

पाचव्यात हाच चोर्तेन आहे. पायथ्याशी डावीकडे तोच फुटका शिलाखंड, उजवीकडे तीच प्रार्थनापताकांची दोरी. म्हणजे कॅमेरा त्याच ठिकाणी, त्याच दिशेला तोंड करून उभा. दीड तास प्रकाश घेतल्यामुळे ताऱ्यांची वर्तुळखंडे उमटली आहेत, आणि त्यांच्या मध्यावर, चोर्तेनच्या शिखराच्या किंचित वर, ध्रुव आहे. (मुंबईहून क्षितिजावर १९ अंशांवर दिसणारा ध्रुव हानलेला ३३ अंशांच्या जवळपास पोहोचतो, उत्तरेकडे बदली झाल्यावर त्यालाही बढती मिळते.) पाचव्या चित्राप्रमाणे चोर्तेन उत्तरेस आहे. धनू रास भारतातून कधीही उत्तरेस दिसत नाही. ती दक्षिणेची रास. एकाच फाइलीवर एकाच अधिकाऱ्याचे दोन परस्परविरुद्ध शेरे सापडावेत, तसा हा प्रकार होता, आणि तो एका हिशेबतपासनिसाच्या हातून घडावा!

आम्ही तसे स्पष्ट लिहिले. उत्तर प्रामाणिक होते. दोन्ही चित्रे त्यांचीच, रात्रही तीच. दक्षिणेला विजेचा खांब आणि उजाड उतार होता, म्हणून तिकडचे आकाश त्यांनी उचलून चोर्तेनवर बसविले. “चोर्तेन खरा, तारे खरे, थंडी तर सर्वांत खरी. मग खोटे काय?” असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. आम्ही स्वतःच त्यांना पन्नास चित्रे एकत्र करण्याचा सल्ला देतो. भूमीचे चित्र संधिप्रकाशात आणि आकाशाचे मध्यरात्री घेऊन जोडणारेही पुष्कळ आहेत. मग जोडण्याची मर्यादा कोणती?

आमचे उत्तर असे. एकाच दिशेला तोंड करून घेतलेली पन्नास चित्रे एकत्र केली, तर आपल्या डोळ्याला जो प्रकाश साठविता येत नाही तो आपण साठवितो. जे तेथे आहे तेच अधिक दिसते. दक्षिणेचे आकाश उत्तरेस आणले की जे तेथे कधीच नव्हते ते दिसू लागते. त्या चोर्तेनपाशी जन्मभर उभे राहिले तरी कोणालाही ते दृश्य दिसणार नाही. चित्रकाराने ते रंगविले असते तर आमची तक्रार नव्हती. छायाचित्रापुढे मात्र माणूस ‘हे असे होते’ या विश्वासाने उभा राहतो, आणि तो विश्वास छायाचित्रकाराला फुकट मिळालेला असतो. खाली एक ओळ लिहिली असती, की आकाश दक्षिणेचे असून येथे जोडले आहे, तर आम्ही ते कल्पनाचित्र म्हणून आनंदाने पाहिले असते. त्यांनी ती लिहिली नाही. कारण लिहिली असती तर वहीतले ‘अप्रतिम’ निम्म्यावर आले असते.

या संदर्भात अमेरिकन ज्योतिर्विद एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांची आठवण होते. नॅशव्हिलच्या एका छायाचित्रगृहात वयाच्या नवव्या वर्षी कामाला लागलेला हा दरिद्री मुलगा पुढे आकाशगंगेचा सर्वश्रेष्ठ छायाचित्रकार झाला. त्यांचा आकाशगंगेचा चित्रसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९२७ मध्ये, प्रसिद्ध झाला. मुद्रणयंत्रावर छापलेली प्रतिमा त्यांना पसंत नव्हती, म्हणून प्रत्येक पान हे खरे छायाचित्र होते. आणि असे ३५,७०० छाप त्यांनी स्वतः एकेक करून तपासले होते. एवढी कसोशी ‘सुंदर’ दिसण्यासाठी नव्हती. ताऱ्यांमधील काळ्या जागा त्या छापांत जशाच्या तशा उतराव्यात, हा तिचा हेतू होता. त्या जागा म्हणजे आकाशातील भोके, की पुढे आलेले काळे ढग, हे खुद्द बर्नार्डनाही पुष्कळ वर्षे ठरविता आले नाही. १९१३ च्या उन्हाळ्यातील एका रात्री आकाशगंगेपुढून जाणारे आपल्याच हवेतील लहान ढग शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले, तेव्हा त्यांचे मत ढगांच्या बाजूला झुकले. आपल्या चित्रात काय आहे हे न कळताही त्यांनी ते पुसले नाही, उजळले नाही.

आणि येथे आमच्या चुकीकडे यावे लागते. अकराव्या चित्रात उत्तर क्षितिजावर तांबड्या रंगाचा एक रुंद, मंद पट्टा आहे. त्यावर आम्ही वहीतही आणि पत्रातही मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते : ‘क्षितिजावरील लाली कृत्रिम. जांभळ्याचा मोह सुटला, तो तांबड्याने धरला.’ वाक्य आमचे आम्हांलाच इतके आवडले, की चित्राखालची तारीख आम्ही वाचली नाही. स्नेह्यांनी उत्तरात आमच्यावर एक शब्दही खर्च केला नाही. फक्त ती तारीख लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. १० मे २०२४.

त्या रात्री दोन दशकांतील सर्वांत प्रबळ भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आले होते. सूर्यावरून आलेल्या कणांच्या आघाताने वातावरणाच्या अतिशय उंच, विरळ थरातील प्राणवायूचे अणू चेतले, आणि त्यांचा तांबडा प्रकाश, जो एरवी ध्रुवप्रदेशाकडे दिसावयाचा, तो हानलेच्या उत्तर क्षितिजावर उमटला. हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही तो टिपला. साध्या डोळ्याला अशा मंद प्रकाशाचा तांबडा रंग जवळजवळ जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. आमचे स्नेही त्या रात्री आकाशगंगेसाठी गेले होते. पडद्यावर लाली दिसली तेव्हा प्रथम त्यांना कॅमेरा बिघडला असे वाटले, आणि मग त्यांनी आकाशगंगेकडे पाठ फिरवून पहाटेपर्यंत उत्तरेकडे तोंड केले.

म्हणजे ज्या एका चित्रात या गृहस्थांनी काहीही मिसळले नव्हते, काहीही वाढविले नव्हते, त्याच चित्राला आम्ही बनावट ठरविले. आणि नववे चित्रही, पाचवे सोबत नसते, तर आम्ही निःशंक डोक्यावर घेतले असते. चित्र ओळखण्याची आमची जी काही नजर होती ती रचना आणि रंग यांपुरतीच होती. उत्तरेस काय असते, मे महिन्यात त्या रात्री काय घडले, हे तिला ठाऊक नव्हते. वहीत ‘अप्रतिम’ लिहिणाऱ्यांना आम्ही या लेखाच्या आरंभी हसलो. त्यांनी निदान अकराव्या चित्राचा अपमान तरी केला नाही.

स्नेह्यांनी नवव्या चित्राची नवी प्रत मंडळाला पाठविली असून तिच्याखाली त्यांच्या हस्ताक्षरात ‘आकाश दक्षिणेचे’ एवढे दोनच शब्द आहेत. अकराव्याची मोठी प्रत आम्ही स्वतःसाठी मागविली आहे. पहिल्या दोन चित्रांबद्दल मात्र ते अजून वाद घालतात. जांभळा रंग त्यांच्या सौभाग्यवतींना आवडतो असे त्यांचे म्हणणे आहे. मंडळाच्या चिटणिसांनी वहीतील आमचा शेरा खोडून टाकण्याची तयारी दाखविली होती. तो तसाच राहू द्यावा, आणि त्याच्या शेजारी तारीख लिहावी, असे आम्ही त्यांना कळविले आहे.