न वाढणारे नायक, वाढणारे वाचक

आजचा विषय 'कुमारवयीनांच्या कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या' असा जाहीर झालेला आहे. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, की आम्ही या साहित्याचे अभ्यासक नाही, नुसते वाचक आहोत. जे बोलणार आहोत ती एका वाचकाची मतं आहेत. पटली नाहीत तर शेवटी प्रश्नोत्तरं आहेतच, तेव्हा भांडू.

आधी दोन शब्दांचा खुलासा करू. इंग्रजीत ज्याला 'यंग ॲडल्ट' म्हणतात ते साहित्य साधारण बारा ते अठरा या वयाचं. आपल्याकडे कुमार साहित्य, किशोर साहित्य असे शब्द आहेत, पण ते बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांपाशी थांबतात. आणि 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली सलग, पुस्तकभर लांबीची गोष्ट. विल आयस्नर यांच्या १९७८ सालच्या 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड'पासून हे नाव रुळलं. आम्ही तिला चित्रकादंबरी म्हणू.

आता मुद्द्याकडे येऊ. मराठी घरात वाढलेल्या मुलाला पहिला मित्र कोण भेटतो? पुष्कळांना भेटतो फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा. त्याचं ते 'ट्टॉक' आजही साठीतल्या माणसाच्या तोंडून ऐकू येतं. दुसरा मित्र चिंटू. १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 'सकाळ'मध्ये सुरू केलेला. रोज सकाळी चहाबरोबर तीन-चार चौकटी. या दोघांवर आमचं मनापासून प्रेम आहे, ते आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं तक्रार वाटणार नाही.

या दोघांत एक साम्य आहे. दोघंही मोठे होत नाहीत. फेणे एवढे चोर पकडतो, एवढी साहसं करतो, पण त्याच्या चेहऱ्यावर कधी मुरमं येत नाहीत, आवाज फुटत नाही, कुणा मुलीशी बोलताना त्याची जीभ अडखळत नाही. (हशा) चिंटू तर वर्षानुवर्षं त्याच वर्गात आहे. ते बरोबरच आहे, कारण त्या गोष्टींचा तो करारच आहे. अडचण वाचकाची आहे. वाचक वाढतो. एके दिवशी तो तेरा वर्षांचा होतो, घरात कुणाशी धड बोलत नाही, आरशासमोर जास्त वेळ उभा राहतो, आणि त्याचे पुस्तकातले मित्र मागे, दहाव्या वर्षातच राहून जातात. २०१७ साली 'फास्टर फेणे'वर सिनेमा निघाला तेव्हा काय करावं लागलं बघा. बनेशला वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा तरुण करावा लागला. मधली वर्षं सिनेमानंही उडी मारून ओलांडली. आमचं आजचं सगळं बोलणं त्या मधल्या वर्षांबद्दल आहे.

कुणी म्हणेल, मराठीत या वयाची पुस्तकं नाहीत असं कसं? 'श्यामची आई' आहे. 'वनवास' आहे. 'शाळा' आहे. अगदी बरोबर. पण ही पुस्तकं कुणाकडे तोंड करून उभी आहेत, ते पाहू.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिथे मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आपलं बालपण सांगतो. म्हणजे सांगणाऱ्याला शेवट माहीत आहे, आणि त्या बालपणातून काय शिकायचं तेही त्याचं ठरलेलं आहे. त्या पुस्तकाचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाशी ते वरून बोलतं, प्रेमानं पण वरूनच.

प्रकाश नारायण संतांचा लंपन वेगळा. 'वनवास' १९९४ सालचं. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा जे बघतो ते पूर्ण कळतंच असं नाही, आणि लेखक मध्ये पडून ते समजावून देत नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तही तेच. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. मुकुंदला जेवढं कळतं तेवढंच पुस्तकाला कळतं. शेवटी शिरोडकर गाव सोडून निघून जाते आणि पुस्तक त्याची समजूत काढत बसत नाही. आमच्या मते ही दोन्ही अस्सल कुमारवयीन पुस्तकं आहेत. पण ती आली प्रौढ वाचकांसाठी, आणि लाडकी झाली तीही प्रौढांचीच. 'आमचे शाळेचे दिवस आठवले' असं म्हणत आपण ती डोक्यावर घेतली. मोठा माणूस 'शाळा' आठवण म्हणून वाचतो. नववीतला मुलगा ती बातमी म्हणून वाचेल. ज्याला ती बातमी हवी होती, त्याच्या हातात पुस्तक द्यायचं मात्र आपल्याला सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली का? फेणे मुलगा, चिंटू मुलगा, श्याम मुलगा, लंपन मुलगा, मुकुंद मुलगा. मुली आहेत, पण त्या मुलांच्या खिडकीतून दिसतात. सुमीला लंपन कसा दिसत होता? शिरोडकरला त्या वर्षी काय वाटत होतं? हे प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीला पडणारच. आपल्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकांत त्यांची उत्तरं नाहीत.

बाहेर हा पूल कसा बांधला गेला, ते थोडक्यात बघू. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली. १९६७ साली 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गोष्ट सांगणारा पोनीबॉय चौदाचा. गरीब वस्तीतली पोरं, श्रीमंत वस्तीतली पोरं, मारामाऱ्या, मृत्यू. आजच्या यंग ॲडल्ट साहित्याची सुरुवात पुष्कळ जण या पुस्तकापासून धरतात. त्या वयाची मुलगी त्या वयाबद्दल लिहीत होती, तिच्याकडे आठवणींचा मुलामा चढवायला वेळच नव्हता. आणि हॅरी पॉटर? त्यातली जादू सगळ्यांना दिसली. आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वय. पहिल्या पुस्तकात हॅरी अकरा वर्षांचा होतो, सातव्यात सतरा. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत ती पुस्तकं निघत गेली आणि मुलं त्याच्याबरोबर वाढत गेली. तिथे नायकाला वाढायची परवानगी होती.

म्हणजे इंग्रजीत येतं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही. त्या कपाटात पुस्तकांचा एक प्रकार आहे, त्याला आम्ही 'प्रश्न-पुस्तक' म्हणतो. एक मुलगा, एक समस्या, एक समजूतदार मोठा माणूस, आणि शेवटच्या प्रकरणात समस्येची उकल. पूर्वी गोष्टीखाली 'तात्पर्य' छापत, आता ते शेवटच्या प्रकरणात विरघळवून देतात, एवढाच फरक. आमची कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर मुलाकडे विचार करायला काही उरलं का? उरलं असेल तर ते त्या वयाचं पुस्तक. नसेल तर तो उपदेशच, फक्त जीन्स घातलेला.

आता चित्रकादंबरीकडे वळू. ती आजच्या विषयात उगाच जोडलेली नाही. विचार करायला काही उरवायचं, हे काम ती तिच्या घडणीमुळेच करते. दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसऱ्यात रडणारं मूल. मार कुणी काढला? कुणीच नाही. तो वाचकानं त्या पट्टीत कल्पिला. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या १९९३ सालच्या पुस्तकात हे फार सुंदर उलगडून दाखवलं आहे. त्यामुळे 'चित्रं असली की मुलं आळशी होतात' हा आक्षेप आम्हाला टिकणारा वाटत नाही.

मार्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस' घ्या. मूळ फ्रेंच, चार भागांत, २००० ते २००३. इराणमध्ये क्रांती होते, आणि १९८० साली दहा वर्षांच्या मार्जीला अचानक डोक्यावर कापड घेऊन शाळेत जावं लागतं. पुढे युद्ध येतं. शेजारचं घर बॉम्बनं पडतं. ढिगाऱ्यात तिला आपल्या मैत्रिणीचं कडं दिसतं. ती डोळे झाकते, आणि पुढची चौकट संपूर्ण काळी. चित्र नाही, जेमतेम एक वाक्य. तिथे काय होतं ते सत्रापी दाखवत नाहीत. वाचणारा मुलगा किंवा मुलगी त्या काळोखात किती वेळ थांबेल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्याच पुस्तकात मार्जी चोरून गाण्यांच्या कॅसेटी विकत घेते आणि पकडली जाते. युद्ध आणि कॅसेट, दोन्ही तेवढ्याच महत्त्वाच्या. तेरा वर्षांचं असणं ते हेच.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. 'भीमायन', २०११. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर. १९०१ साली लहानगा भीम वडिलांना भेटायला निघतो. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर मुलं उतरतात. जात कळल्यावर गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट पैसे देऊन मुलांनाच बैलगाडी हाकावी लागते. आणि रात्रभर पाणी मिळत नाही. ही हकिकत आपण भाषणांत ऐकलेली असते. पण या पुस्तकात चौकोनी चौकटी नाहीत, परधान गोंड शैलीची नक्षी पानभर वळत जाते. बोलण्याचे फुगेही वेगळे. सौम्य माणसांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. कुणाचं बोलणं डसतं, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. आता हिशेब करा. गोष्ट साताऱ्याची, चित्रं मध्य प्रदेशातल्या कलाकारांची, आणि मूळ पुस्तकाची भाषा इंग्रजी. हे पुस्तक पहिल्यांदा मराठीत का झालं नाही, हा प्रश्न आम्हाला टोचतो.

इथे दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं खर्चाचं. रंगीत छपाई परवडत नाही म्हणे. 'पर्सेपोलिस' काळं-पांढरं आहे. आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस', ज्याला १९९२ साली खास पुलित्झर मिळालं, तेही काळं-पांढरं आहे. आणि काळ्या रेषेची आपल्याला काय वानवा? वसंत सरवटे याच भाषेतले. शि. द. फडणीसांनी तर शब्दाविना हास्यचित्रं काढली आणि शालेय गणिताच्या पुस्तकात चित्रं घालून आकडेमोडीची भीती घालवली. ज्या समाजानं 'हसरी गॅलरी' वाचली, हो, वाचलीच, त्याला चित्र वाचता येत नाही असं कोण म्हणेल? रेषा आहे, वाचक आहे. लांब पल्ल्याची गोष्ट चित्रांतून सांगायचं धाडस हवं आहे.

दुसरं उत्तर असतं, की हे विषय मुलांना झेपणार नाहीत. ही भीती फक्त आपल्याकडे आहे असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळानं 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलं. शिव्या आहेत, एक नग्न चित्र आहे, अशी कारणं दिली. पुस्तक आहे ज्यूंच्या संहाराबद्दल, आणि खटकल्या त्या शिव्या. पालकांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण पुस्तक काढून घेतलं म्हणून विषय मुलाच्या आयुष्यातून जात नाही. मरण, जात, शरीर, भीती हे सगळं त्याच्यापर्यंत फोनवरून पोचतंच, तेही तुकड्यातुकड्यांत आणि कुणी सोबत नसताना. पुस्तक निदान त्या तुकड्यांना सुरुवात आणि शेवट देतं.

मग करायचं काय? आमच्या दोन सूचना आहेत. पहिलीला पैसा लागत नाही. आपल्या वाचनालयात बालविभाग आणि प्रौढविभाग यांच्यामध्ये एक फळी मोकळी करा. तिच्यावर 'वनवास' ठेवा, 'शाळा' ठेवा, 'भीमायन' आणि 'पर्सेपोलिस' ठेवा. आणि चौदा वर्षांच्या सभासदाला ती फळी स्वतः चाळू द्या, शेजारी उभं राहून 'हे घे, चांगलं आहे' म्हणू नका. (हशा) दुसरी सूचना लेखक-चित्रकारांसाठी. आपल्या बालपणाबद्दल पुष्कळ लिहून झालं. आज नववीत असलेल्या मुलीबद्दल लिहा, आणि तिला पुस्तकाच्या शेवटापर्यंत वाढू द्या.

हे आम्ही एवढ्या आग्रहानं का सांगतो? मराठी पुस्तकं आवडीनं वाचणारी मुलं दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत आपण पाहतो. मग ती इंग्रजी पुस्तकांकडे जातात किंवा वाचणंच सोडतात. त्याचा दोष आपण मोबाइलला देतो, इंग्रजी शाळेला देतो. थोडा दोष आपल्या कपाटाचाही आहे. ज्या वयात माणूस पहिल्यांदा स्वतःला 'मी कोण' असं विचारतो, नेमक्या त्या वयात त्याच्या भाषेनं त्याला उत्तर दिलं नाही, तर तो दुसऱ्या भाषेला विचारतो. आणि एकदा सगळे आतले प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारायची सवय लागली, की मग चाळिशीत 'शाळा' वाचून हळवं व्हायलाही मराठीकडे परत कोण येणार?

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणी पंधरा-सोळा वर्षांचं बसलं असेल, तर पहिला प्रश्न त्याचा किंवा तिचा.